पोवळ्यांच्या घरात ऊन

एका बादलीत स्वच्छ पाणी घ्या आणि तळाशी एक नाणे टाका. नाणे स्पष्ट दिसेल. आता पाण्यात मूठभर काळी माती कालवा. नाणे जागच्या जागीच असते, पण दिसेनासे होते. मातीचे बारीक कण प्रकाश शोषतात आणि विखुरतात. पावसाळ्यात नांदेडच्या घाटावरून गोदावरीचे गढूळ पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चटकन पटेल.

याच गोष्टीवर समुद्रातील पोवळ्यांचे जीवन अवलंबून असते. पोवळे किंवा प्रवाळ हा दगड नव्हे; तो प्राणी आहे. असे असंख्य इवले प्राणी एकत्र राहून चुनखडीची कठीण घरे बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणूनच प्रवाळांच्या घरापर्यंत ऊन पोचावे लागते. स्वच्छ पाण्यातही लाल प्रकाश पहिल्या आठ-दहा मीटरांतच बहुतेक शोषला जातो. निळा प्रकाश मात्र पुष्कळ खोल जातो.

आपल्या महाराष्ट्रातही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आढळतात. तेथे १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य घोषित झाले. परंतु किनाऱ्याजवळ नद्या गाळ आणतात आणि लाटा तळ ढवळतात, त्यामुळे तेथे गढूळपणा सोसणाऱ्या जातीच टिकतात. विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरांवर ‘आंग्रिया बँक’ नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला हे नाव पडले. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटर खोल आहे. तरीही तेथे प्रवाळ विपुल आहेत, कारण किनाऱ्यावरचा गाळ इतक्या दूर पोचत नाही आणि पाणी नितळ राहते.

प्रकाशाइतकेच तापमानही महत्त्वाचे आहे. लातूरला उन्हाळ्यात दुपार आणि पहाट यांच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असल्यामुळे समुद्राचे तापमान मात्र फारच थोडे बदलते. त्या स्थिरतेची सवय झालेल्या प्रवाळांना नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी सोसत नाही. ते आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. उष्णता लवकर ओसरली तर ते सावरतात, नाहीतर उपाशी मरतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हे संकट आले होते.

अभयारण्याच्या नियमांनी नांगर आणि जाळी अडवता येतात. तापणारे पाणी मात्र अशा सीमेने अडत नाही. त्यासाठी कोळसा व तेल जाळणे सगळ्या जगालाच कमी करावे लागेल, आणि त्या जगात आपला मराठवाडाही आला.

करून पाहा : दोन सारख्या भांड्यांत समान वजनाची कोरडी माती आणि पाणी घेऊन तासभर उन्हात ठेवा. दोहोंचे तापमान मोजा. कोणते जास्त तापले, आणि का?