अमेरिकेतल्या आरोग्य योजनांना तारे कसे मिळतात?

आरोग्य विमा घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘कंपनी क्लेम देते का?’ अमेरिकेत प्रश्न तिथे थांबत नाहीत. योजनेतल्या मधुमेहींची साखर आटोक्यात आहे का, बाळांच्या लसी दोन वर्षांच्या आत पूर्ण झाल्या का, मानसिक आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णाला घरी गेल्यावर सात दिवसांत कोणी तपासले का, हेही विमा योजनेलाच विचारले जाते. कारण तिथली योजना नुसती बिले भरत नाही. कोणता डॉक्टर जाळ्यात असेल आणि कोणत्या उपचाराला आधी परवानगी लागेल, हेही तीच ठरवते.

सुरुवात

कर्मचाऱ्यांसाठी विमा विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना 1980 च्या दशकाच्या अखेरीस एक अडचण जाणवत होती. हप्त्यांची तुलना करता येत होती, दर्जाची नाही. 1990 मध्ये वॉशिंग्टनमध्ये एनसीक्यूए ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने योजनांना अधिस्वीकृती द्यायला सुरुवात केली. ‘हेडिस’ नावाचा मोजमापांचा संच हीच संस्था सांभाळते. त्यात आज नव्वदहून अधिक मोजमापे आहेत आणि हेडिसचे आकडे देणाऱ्या योजनांमध्ये 20 कोटींहून अधिक लोक आहेत.

एक मोजमाप म्हणजे काय?

प्रत्येक मोजमाप हा एक अपूर्णांक असतो. उच्च रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. छेदात येतात 18 ते 85 वयाचे, रक्तदाबाचे निदान झालेले आणि वर्षभर योजनेत असलेले सभासद. मध्ये खंड पडला असेल, तर एकच आणि तोही 45 दिवसांपर्यंतचा चालतो. डायलिसिसवरचे आणि हॉस्पिसमधले रुग्ण वगळले जातात. अंशात येतात वर्षातली शेवटची नोंद 140/90 च्या खाली असलेले. वर्षभरात एकही नोंद सापडली नाही, तर त्या सभासदाचा रक्तदाब ‘आटोक्यात नाही’ असेच धरले जाते. नोंद नसेल तर काम झालेच नाही, हा या व्यवस्थेचा पाया आहे.

आकडे कुठून येतात?

पहिला मार्ग क्लेमचा. मॅमोग्राम झाला की बिल येते आणि बिलावरच्या कोडवरून तपासणी मोजली जाते. रक्तदाबाचा आकडा मात्र बिलात सहसा नसतो. अशा ठिकाणी संकरित पद्धत वापरतात. पात्र सभासदांतून साधारण 411 जणांचा नमुना काढायचा आणि त्यांचे केसपेपर मागवून वाचायचे. वर्षाच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत योजनांचे लोक दवाखान्यांकडे कागदांसाठी तगादा लावतात तो याचसाठी. हे केसपेपर वाचण्याचे आणि कोडिंगचे बरेच काम भारतातल्या कार्यालयांतही चालते. तिसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक नोंदींतून थेट माहिती घेण्याचा. एनसीक्यूएची वाटचाल त्याच दिशेने आहे.

सभासदाचा अनुभव वेगळा मोजला जातो. त्यासाठी ‘कॅप्स’ ही प्रमाणित प्रश्नावली आहे. अपॉइंटमेंट वेळेवर मिळाली का, डॉक्टरांनी नीट ऐकून घेतले का, असे प्रश्न त्यात असतात.

लेखापरीक्षण

योजनेने आकडे दिले म्हणून ते मान्य होत नाहीत. एनसीक्यूएचा परवाना असलेल्या संस्थेचे प्रमाणित परीक्षक आधी योजनेची संगणक व्यवस्था आणि माहितीचे स्रोत पाहतात. मग वाचलेले काही केसपेपर स्वतः पुन्हा वाचतात. मोजमाप वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि अंतिम आकडे पुढच्या वर्षी 15 जूनपर्यंत जमा करायचे असतात. आकड्यात मोठा दोष आढळला, तर तो ‘पक्षपाती’ ठरवून बाद होतो. छेद 30 पेक्षा लहान असेल, तर दर जाहीर होत नाही.

अधिस्वीकृतीत काय पाहतात?

हेडिस निकाल मोजते. अधिस्वीकृती कामाची पद्धत तपासते. दर्जा सुधारणा, डॉक्टरांचे जाळे, उपचारांना परवानगी देण्याची प्रक्रिया, डॉक्टरांच्या पात्रतेची पडताळणी आणि सभासदांशी वागणूक असे तिचे विभाग आहेत. नकार वैद्यकीय कारणासाठी असेल, तर तो योग्य पात्रतेच्या तज्ज्ञाने तपासलेला हवा. नकाराचे कारण सभासदाला कळेल अशा भाषेत लेखी द्यावे लागते आणि अपिलाचा हक्कही सांगावा लागतो. डॉक्टरांची पात्रता किमान दर तीन वर्षांनी पुन्हा पडताळावी लागते.

कागद नमुन्यानेच तपासतात. आधी आठ फाइली पाहायच्या. त्या निर्दोष निघाल्या तर तिथेच थांबायचे, नाहीतर तीसपर्यंत जायचे. अधिस्वीकृती तीन वर्षे टिकते, पण हेडिस आणि कॅप्सचे आकडे दरवर्षी द्यावेच लागतात.

सक्ती कुणाची?

एनसीक्यूए सरकारी संस्था नाही. सक्ती येते ती कायद्यातून आणि करारांतून. 2010 च्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’नुसार विमा बाजारपेठेत विकल्या जाणाऱ्या योजनांना अधिस्वीकृती आवश्यक आहे. ती एनसीक्यूए, यूआरएसी किंवा एएएएचसी या संस्थांपैकी कुणाचीही चालते. मेडिकेड या कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी योजनेत लहान मुलांसाठीची मुख्य मोजमापे 2024 पासून सर्व राज्यांना कळवावीच लागतात.

सर्वांत मोठा पैसा मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये, म्हणजे मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या खासगी योजनांमध्ये आहे. सीएमएस ही केंद्रीय यंत्रणा हेडिस, कॅप्स आणि इतर मोजमापांवरून या योजनांना पाचपैकी तारे देते. साधारणपणे चार किंवा अधिक तारे मिळाले, तर सरकारी देयक ज्यावर ठरते तो मापदंड पाच टक्क्यांनी वाढतो. सलग तीन वर्षे तीनपेक्षा कमी तारे पडले, तर करार रद्द होऊ शकतो. अर्ध्या ताऱ्यासाठी कंपन्या न्यायालयात जातात त्या यामुळेच. सीएमएसतर्फे चाचणीसाठी केलेल्या एका फोन कॉलच्या गुणांवरून युनायटेडहेल्थकेअर ही विमा कंपनी न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तिच्या ताऱ्यांची फेरमोजणी करायला सांगितले.

मोजल्याने काय साधते, काय निसटते?

हृदयविकाराच्या झटक्यानंतर बीटा ब्लॉकर औषध देण्याचे मोजमाप 1990 च्या दशकात आले, तेव्हा अनेक रुग्णांना ते मिळतच नव्हते. दशकभरात दर नव्वद टक्क्यांच्या वर गेला, योजना-योजनांतला फरक जवळपास संपला आणि 2007 मध्ये एनसीक्यूएने हे मोजमाप निवृत्त केले. मोजल्याने काम होते, याचा हा ठसठशीत दाखला.

दुसरी बाजूही आहे. 140/90 च्या खाली आणणे हे ध्येय असेल, तर 180 वरून 145 वर आलेल्या रुग्णाचे श्रेय कुणालाच मिळत नाही. शिवाय वाढलेला आकडा उपचार सुधारल्याचा आहे की कागद जास्त चिकाटीने गोळा केल्याचा, हे बाहेरून ओळखणे कठीण असते.

योजना निवडताना

अमेरिकेत नोकरीला असलेल्यांनी, किंवा तिथे स्थायिक झालेल्या आई-वडिलांसाठी योजना पाहणाऱ्यांनी एकूण ताऱ्यांवर थांबू नये. घरात मधुमेह असेल तर मधुमेहाची मोजमापे पाहावीत, लहान मूल असेल तर लसीकरणाची. मेडिकेअरचे नवे तारे ऑक्टोबरमध्ये येतात आणि योजना बदलण्याची मुदत 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर असते. मेडिकेअर ॲडव्हान्टेजचे तारे संपूर्ण कराराला मिळतात आणि एका करारात अनेक योजना असू शकतात. त्यामुळे आपले डॉक्टर आणि औषधे नेमक्या त्या योजनेत आहेत ना, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. ते कोणताही तारा सांगत नाही.