वादळात पडलेले झाड आणि कातकाम : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याने जाताना लागणारे कुंभारी हे गाव विडी कामगारांच्या विशाल वसाहतींमुळे सर्वत्र ज्ञात झाले असले, तरी त्या परिसराच्या शिवारांतून बांधाबांधावर उभे असलेले बाभूळ, कडुनिंब, चिंच आणि शिरीष हे वृक्षही तितकेच तिथले रहिवासी आहेत. आणि वैशाखात वळवाच्या पावसाआधी जो झंझावात सुटतो, त्यात यांपैकी काही मुळासकट उन्मळून पडतात. असा बुंधा बहुधा जळणाच्या भावाने वखारीत जातो. ज्यातून कातारी लाटणी, रव्या, बाजेचे पाय, पाळण्याचे खांब किंवा तबल्याचे खोड घडवू शकला असता, ते लाकूड चुलीत जाते, याचे कारण लाकडाचा दोष क्वचितच असते. बहुतेक वेळी ते जाते आपल्या अर्धवट समजुतींपायी.

यांतली सर्वांत घातक समजूत अशी की, आडवे झालेले झाड बेवारस असते आणि जो आधी कुऱ्हाड घेऊन पोहोचेल त्याचे ते होते. वाऱ्याने झाड पडते, त्याची मालकी पडत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 अन्वये धारण जमिनीवरील झाडांचा हक्क सामान्यतः त्या जमिनीच्या धारकाकडे असतो. म्हणून वाटेकऱ्याने किंवा सालगड्याने भलेपणाने ‘न्या की’ म्हटले, एवढ्यावर विसंबून न राहता सातबाऱ्यावर नावे असलेल्या सर्व हिस्सेदारांची संमती घ्यावी, आणि झाड सामाईक बांधावरचे असेल तर शेजारच्या गटाच्या मालकालाही विचारावे. गायरानातले झाड गावाच्या मुखत्यारीने कोणीही द्यावे असे नसते; तेथे ग्रामपंचायत आणि महसूल खाते यांची दारे ठोठावावी लागतात. रस्त्याकडेच्या झाडांचा प्रश्न तर जुनाच आहे. 1879 च्या मुंबई जमीन महसूल संहितेने सरकारी खर्चाने लावलेली रस्त्याकडेची झाडे सरकारची ठरवली होती, पण तेच झाड वाळले किंवा वाऱ्याने पडले, तर त्याचे लाकूड ज्याच्या जमिनीत ते वाढले त्या धारकाचे, अशीही तरतूद तीत केली होती. पडलेल्या झाडाचा इतका बारकाईने विचार दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनी केला, हे मला फार उद्बोधक वाटते. आजच्या घडीला मात्र रस्ता ज्या खात्याचा, त्या खात्याची लेखी परवानगी हाच बिनधोक मार्ग होय.

मालक राजी झाला म्हणजे सर्व झाले, हीदेखील अपुरी समजूत आहे. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, चंदन इत्यादी जाती आहेत. कडुनिंब आणि बाभूळ त्या यादीत नाहीत. अनुसूचीतील झाड पडले असेल, तर करवत लावण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवून त्याचे उत्तर हाती घ्यावे. सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा नागरी क्षेत्रांसाठीचा स्वतंत्र कायदा लागू होतो. आणि वाहतुकीचा परवाना कोणत्या जातीला लागतो व कोणत्या जातीला माफ आहे, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कचेरीत विचारून मगच ओंडका गाडीत चढवावा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातली पडलेली काटकीसुद्धा विनापरवाना उचलता येत नाही. संमतिपत्रात गट क्रमांक, झाडाची जात, बुंध्याचा घेर, नेण्याचा भाग, फांद्यांचे जळण कोणाचे, खड्डा कोणी बुजवायचा आणि मोबदला किती, एवढे स्पष्ट असावे. आणि झाड घरावर वा गोठ्यावर कोसळले असेल तर तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत त्याला हात लावू नये, कारण आपल्या घाईने मालकाची नुकसानभरपाई अडू शकते.

दुसरी सार्वत्रिक समजूत अशी की, वादळात पडले ते झाड आतून किडलेले असलेच पाहिजे. सोलापूरकडील जमीन अनेक ठिकाणी उथळ काळ्या मातीची, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण अशी आहे. मुळे खोल न जाता आडवी पसरतात, उन्हाळ्यात माती भेगाळते, आणि अशा वेळी भरगच्च पानोऱ्याचे निरोगी झाडच वाऱ्याला अधिक अडते व मुळासकट उलटते. उलटलेल्या झाडाचा बुंधा बहुधा निकोप असतो. मध्येच मोडलेल्या बुंध्यात मात्र पोकळी किंवा कूज सापडण्याचा संभव अधिक. खरी काळजी वेगळ्याच दोषाची घ्यावी. झाड जोराने वाकताना आतल्या बाजूचे तंतू चेपले जातात आणि तंतूंना आडवी, केसासारखी बारीक रेघ उमटते; रंधा मारलेल्या पृष्ठावर तिरपा उजेड टाकल्यावाचून ती दिसत नाही, आणि त्या रेघेवर कातलेला पाय पुढे भार पडताच तुटतो.

पडलेले झाड निरुपद्रवी असते, हा समज तर प्राणघातक ठरू शकतो. उलटलेल्या मुळांचा गड्डा बुंध्याच्या वजनाने तोलून राहिलेला असतो. बुंधा कापला जाताच तो झटक्याने पुन्हा खड्ड्यात बसतो, म्हणून त्याच्या मागे किंवा खड्ड्यात कोणीही उभे राहू नये. तारा गुंतल्या असतील तर महावितरणने वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाणेच वर्ज्य समजावे.

आता लाकडाकडे वळू. ‘ओले लाकूड कातता येत नाही, आधी वर्षभर उन्हात वाळू द्या’ हा सल्ला हितचिंतकच देतात, आणि सोलापूरच्या उन्हात तोच लाकडाचा घात करतो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडातून पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगाने उडते. तोंड आकसते, आतला भाग फुगलेलाच राहतो, आणि गाभ्यापासून सालीकडे धावणाऱ्या चिरा पडतात. वैशाखात कापलेल्या बाभळीचे तोंड सकाळी ओलसर, तांबूस, एकसंध दिसते आणि संध्याकाळपर्यंत त्यावर नखाएवढ्या भेगांचे चांदणे उमटते. म्हणून कापताक्षणी दोन्ही तोंडांना वितळलेले मेण किंवा जाड तैलरंग फासावा, ओंडका सावलीत जमिनीपासून उचलून ठेवावा, आणि शक्य तितक्या लवकर गाभ्यातून उभा चिरून त्याची दोन अर्धुके करावीत. लाकडातील आर्द्रता सुमारे 30 टक्क्यांखाली गेल्यावर आकुंचन सुरू होते, आणि वाढीच्या वलयांना अनुसरून होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडच्या दिशेतल्या आकुंचनाच्या जवळजवळ दुप्पट असते. गाभा मध्ये ठेवून वाळवलेला ओंडका फाटतो तो या विषमतेमुळेच.

वस्तुतः ओले लाकूड लेथवर सुक्याहून सुलभतेने कातले जाते. गोल पटाशीखालून लांबलचक ओल्या साली सुटतात, धूळ उडत नाही, धार टिकते. वाडगा करायचा झाल्यास तो प्रथम जाड कातावा, व्यासाच्या एकदशांश एवढी भिंत ठेवावी, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या वाडग्याला 3 सेंटिमीटर. मग कागदी पिशवीत त्याच्याच सालींत पुरून काही महिने सावलीत ठेवावा. तो लंबगोल होतो, होऊ द्यावा. वजन घटायचे थांबले की पुन्हा लेथवर चढवून अखेरचा आकार द्यावा. अंगावर तेल किंवा लाख चढवली म्हणजे लाकूड हलायचे थांबते, असे मानू नये. लेपाने आर्द्रतेची ये-जा मंदावते, बंद होत नाही. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या खेळण्यावर लाख लावून केवड्याच्या पानाने ती झळाळवतात, तीही वाळल्या लाकडावरच शोभते.

जातीजातींचे स्वभावही ध्यानात घ्यावे. बाभळीत टॅनिन विपुल असल्याने ओल्या लाकडाला लोखंड लागले की निळे-काळे डाग पडतात. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळा गिळला गेला असेल तर असा डाग त्याची आगाऊ सूचना देतो. शिरीषाच्या भुशाने शिंकांनी जीव हैराण होतो, तेव्हा तोंडाला मुसके हवेच. कडुनिंबाच्या लाकडाला कीड लागत नाही, हे त्याच्या लालसर नारीपुरते, म्हणजे आतल्या पक्क्या लाकडापुरते, बरेचसे खरे आहे. बाहेरचे फिकट लाकूड मात्र भुंगेरे खातात. बाभळीचेही तेच, कारण बाहेरच्या लाकडात स्टार्च साठलेला असतो. जुने सुतार बैलगाडीसाठी आणलेली बाभूळ पाण्यात काही महिने बुडवून ठेवीत. पाण्याखाली तो अन्नसाठा ओसरतो, आणि पुढे वाळलेल्या लाकडाला भुंगेरा सहसा शिवत नाही. लाटण्याएवढ्या कामासाठी इतके करण्याचे कारण नाही. बाहेरचे लाकूड कातून टाकले आणि नारच ठेवली, की पुरते.