हाताला कळतं आणि मनाला वाटतं

धनजच्या आमच्या वावरात वडील पेरणीआधी एकच परीक्षा घेत. चार बोटं खालची माती मुठीत दाबून लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. लाडू चपटा होऊन तसाच राहिला तर "आज नाही, उद्या पाहू." फुटून भुगा झाला तर वाफसा आला, तिफन जुंपायची. उतारवयात तर ते लाडूही करत नसत. अनवाणी दहा पावलं चालत आणि सांगत. कशावरून, असं विचारलं तर उत्तर एकच, "कळते."

पाऊस लागून राहील की उघडेल, हेही ते तितक्याच खात्रीनं सांगत. तिथंही "कळते" हेच. एका मृगात त्यांनी त्याच खात्रीवर पहिल्या दोन सरींत सारं वावर पेरलं. पुढं पावसानं तोंड फिरवलं, कोंब करपले आणि दुबार पेरणीच्या बियाण्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. मी तेव्हा शाळेत होतो. एकाच माणसाचं एक "कळते" सहसा चुकत नाही आणि दुसरं वरचेवर चुकतं, हे कोडं तेव्हापासून माझ्या मागं लागलं.

या कोड्याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडलं, तेही शेतीच्या पुस्तकात नव्हे. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. आगीसमोर हे लोक पर्यायांची तुलना करत बसत नाहीत, त्यांना एकदम काय ते सुचतं, असं त्याला आढळलं. एका अधिकाऱ्यानं जळत्या घरातून आपल्या माणसांना अचानक बाहेर काढलं आणि लगेच जमीन खाली कोसळली. आग तळघरात होती. अधिकाऱ्याला तो दैवी संकेत वाटला. खरं तर उष्णता जास्त आणि आवाज कमी, हे न जुळणारं गणित त्याच्या अंगात मुरलेल्या अनुभवानं टिपलं होतं. डॅनियल कानेमन मात्र अशा आतल्या आवाजाकडे संशयानंच पाहणारा. या दोघांनी 2009 साली मिळून एक निबंध लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं एकमत झालं. ज्या गोष्टीचा अंदाज बांधायचा तिच्यात नियमितपणा हवा, आणि तो शिकायला पुरेशी संधी व चुकीचा लवकर पडताळा मिळायला हवा. स्वतःला वाटणारी खात्री ही मात्र कसोटी नव्हे.

आता या अटी वावरात लावून पाहा. काळी माती ओलीनं फुगते आणि वाळली की भेगाळते. आजोबांच्या काळातही ती अशीच वागत होती. वखरणी, पेरणी, डवरणी, पुन्हा रब्बी, असा वाफसा वर्षातून अनेकदा पाहावा लागतो. चूक झाली तर त्याच दिवशी फणाला चिखल धरतो किंवा ढेकळं निघतात. हाताला शिकवायला याहून कडक मास्तर नाही.

पावसाचं उलटं. पन्नास वर्षं शेती केली तरी खरिपाच्या पेरण्या जेमतेम पन्नासच, आणि प्रत्येक साल निराळं. धुऱ्यावरून दिसतात ते ढग, मुंग्या आणि उकाडा. पुढच्या पंधरा दिवसांचा पाऊस मात्र बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यावर ठरतो. 2025 मध्ये मान्सून 26 मे रोजीच मुंबईत पोचला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची वाटचाल अडली. त्या मे महिन्यातली ओल पाहून कोणाच्या मनानं कौल दिला नसेल?

शिवाय मनाचा कौल म्हणतो तो कित्येकदा शेजाऱ्याच्या तिफनीचा आवाज असतो. त्याचं पेरून झालं, आपलं राहिलं. उद्या मजूर मिळणार नाहीत. ही भीती आत शिरते आणि बाहेर येताना अनुभवाचा मुखवटा लावून येते. माझ्या मते वडिलांचं त्या मृगात हेच झालं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. अठरा धान्यं, चार महिन्यांची चार ढेकळं, वर घागर; दुसऱ्या पहाटे पावसाचं भाकीत. मी तिची टिंगल करणार नाही. निर्णयाचं एकट्यानं पेलायचं ओझं तिथं चारचौघांत वाटलं जातं. पण खरी ठरलेली भाकितं लक्षात राहतात आणि फसलेली विसरली जातात, एवढ्यावर बियाण्याची थैली फोडू नये.

कृषी खातं सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. कारण साधं आहे: एवढ्या पावसात ओल खोलवर जाते आणि खंड पडला तरी रोप काही दिवस तग धरतं. पण उताराचं मुरमाड वावर आणि खोल काळं वावर यांतला फरक या आकड्याला कळत नाही. तो वडिलांच्या पायाला कळत होता. म्हणून पेरायचं की थांबायचं हे मी पर्जन्यमापकाला विचारतो, आणि पेरायचं ठरल्यावर कोणत्या वावरात आज, कोणत्यात उद्या, हे मुठीतल्या लाडवाला. बियाण्याच्या बाबतीत डोळ्यावरही विसंबत नाही. सोयाबीनचं साल पातळ असतं, आदळआपट झाली की आतला कोंब मरतो आणि दाणा मात्र टपोराच दिसतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे आणि मोजायचे. सत्तर उगवले तर ठीक.

काही वर्षांपासून मी एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर ओलीबद्दल हाताला काय कळलं ते, उजव्या पानावर पावसाबद्दल मनाला काय वाटलं ते, आणि नंतर दोन्हींखाली लाल शाईनं प्रत्यक्ष काय झालं ते. डावी पानं बरीचशी कोरी निळी आहेत. उजवीकडं लाल शाईच जास्त.