पीक-कापणी प्रयोगातील सरासरी व तिची त्रुटी-सीमा

रब्बी जोंधळा काढणीस आला की ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांकडे पीक-कापणी प्रयोगांचे काम येते. गावातील प्रत्येक शेताचे धान्य तोलणे शक्य नसते. म्हणून यादृच्छिक आकड्यांच्या साहाय्याने काही शेते निवडून त्यांत १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा आखतात आणि त्यातील धान्य मळून, वाळवून तोलतात. ही पद्धती १९४० नंतरच्या दशकात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत डॉ. पांडुरंग सुखात्मे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रशुद्ध पायावर उभी केली. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

समजा, पाच तुकड्यांत ४, ६, ५, ७ व ३ किलो जोंधळा भरला. सरासरी ५ किलो; तुकडा हेक्टरच्या दोनशेव्या भागाएवढा असल्यामुळे हेक्टरी १० क्विंटल. पण दुसरी पाच शेते निवडली असती तर हाच आकडा आला असता काय? बहुधा नाही. तो किती बदलला असता, हे काढता येते.

सरासरीपासूनची अंतरे १, १, ०, २ व २. त्यांच्या वर्गांची बेरीज १०. तिला तुकड्यांच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे ४ ने, भागावे : २.५. याचे वर्गमूळ १.५८ हे प्रमाण विचलन. त्यास ५ च्या वर्गमूळाने भागले असता ०.७१ ही प्रमाण त्रुटी येते. पाच तुकड्यांसाठी कोष्टकातील गुणक २.७८ आहे, गुणाकार सुमारे २ किलो. म्हणजे सरासरी हेक्टरी १० क्विंटल, चार क्विंटल कमी वा अधिक. अशा रीतीने शंभर वेळा प्रयोग केले, तर सुमारे पंचाण्णव वेळा खरी सरासरी काढलेल्या सीमांच्या आत सापडेल. विश्वास-अंतराचा अर्थ एवढाच.

चार क्विंटल ही लहान बाब नव्हे. पीक विम्याचे उंबरठा उत्पादन ११ क्विंटल असेल, तर १० च्या सरासरीवर भरपाई मिळेल. मात्र गावाची खरी सरासरी १२ ही असू शकेल. उलट, खरोखर बुडालेल्या गावाचा आकडा योगायोगाने ११ च्या वर गेला, तर तेथील शेतकरी रिकाम्या हाताने परततील. विचलन तेवढेच राहून तुकडे २० झाले, तर सीमा सुमारे दीड क्विंटलवर येते.

तथापि हे गणित केवळ योगायोगाची त्रुटी मोजते. खुंटी विरळ पिकात पडली म्हणून ती दाट पिकाकडे सरकवण्याचा मोह पुष्कळांना होतो, आणि शेतमालकही कधी आग्रह धरतो. ती चूक कोणत्याही सूत्रात दिसत नाही. तुकडे वाढवूनही ती जात नाही. आकड्याने दाखविलेल्या जागीच खुंटी ठोकावी, मग तेथे पीक असो वा नुसती ढेकळे.