शब्दसूची, यंत्र आणि वाचकांचे अभिप्राय

ग्रंथाच्या अखेरीस दिलेली शब्दसूची अनेकांना केवळ पुरवणी वाटते. वस्तुतः अभ्यासकासाठी ते पडताळणीचे साधन होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रकाशित झाला. त्याची पाली व इतर मूळ साधने सूचीसह देणारी पुरवणी महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत ११ व्या खंडाला जोडून १९९५ साली निघाली. कोणते विधान कोठून आले, हे स्वतः तपासण्याची सोय त्यामुळे वाचकाला लाभली.

आज धम्मग्रंथ संकेतस्थळांवरही वाचले जातात. संकेतस्थळाला जोडता येणारे 'प्लगइन' नावाचे छोटे संगणकीय साधन अशी सूची काही क्षणांत तयार करते. मोकळी जागा किंवा विरामचिन्ह दिसेल तेथे ते मजकूर तोडते, प्रत्येक तुकड्याचे स्थान नोंदवते आणि सर्व तुकडे क्रमाने लावते. त्याला अक्षरे ओळखता येतात, अर्थ कळत नाही. दोष येथूनच उद्भवतात.

'दुःख' हा शब्द पाहा. टंकलेखन करताना विसर्गाच्या जागी पुष्कळदा अपूर्णविराम दिला जातो. यंत्र त्याला विरामचिन्ह समजते आणि सूचीत 'दु' व 'ख' अशा दोन निरर्थक नोंदी येतात. चार आर्यसत्यांपैकी पहिलेच सत्य सूचीतून नाहीसे होते! 'संघ' आणि 'सङ्घ' हा एकच शब्द दोन ठिकाणी विभागला जातो. 'प्रज्ञेने', 'प्रज्ञेचा' ही रूपे 'प्रज्ञा' या नोंदीखाली येत नाहीत. प्रत्यय सरसकट छाटण्याचा नियम लावला, तर 'कला' मधील 'ला' गळून केवळ 'क' उरतो. मराठी वर्णक्रमात ळ, क्ष व ज्ञ अखेरीस येतात. संगणकाच्या मूळ क्रमात मात्र ळ हा ल नंतर लागतो, तर क्ष आणि ज्ञ अनुक्रमे क व ज यांच्या ओळीत बसतात.

याहून अवघड प्रश्न अर्थाचा आहे. पालीतील 'सुत्त' म्हणजे सूत्र, तसेच झोपलेला. 'दीप' म्हणजे दिवा, तसेच बेट. 'अत्तदीप' या पदात अट्ठकथेने बेटाचा अर्थ घेतला आहे. आपल्याकडे दिव्याचा अर्थ रूढ आहे. अशा ठिकाणी एक अर्थ लपवून दुसरा लादणे सूचीकाराचे काम नव्हे. दोन्ही अर्थ नोंदवून स्थळे द्यावीत आणि निर्णय वाचकावर सोपवावा.

हे दोष वापरणाऱ्यालाच प्रथम दिसतात. म्हणून त्याचा अभिप्राय मोलाचा ठरतो. परंतु 'सूची चुकीची आहे' एवढ्याने काही साधत नाही. अभिप्रायात चार गोष्टी असाव्यात : शब्द जसा दिसतो तसा, तो ग्रंथात कोठे आहे ते स्थळ, सूचीत काय आढळले, आणि काय आढळावयास हवे होते. एवढे दिल्यास दोष मूळ मजकुरात आहे, शब्द तोडण्याच्या नियमात आहे की क्रम लावण्यात आहे, हे साधन घडविणाऱ्याला शोधता येते.

त्याचीही जबाबदारी आहे. तयार झालेल्या सूचीत हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी सूची नव्याने निघताच पुसली जाते. दुरुस्ती मूळ मजकुरात, नियमात किंवा अपवादांच्या यादीत झाली पाहिजे. नवा नियम लहान ग्रंथावर आधी तपासावा. ४२३ गाथांचे धम्मपद त्यासाठी सोयीचे आहे; त्याची सूची माणसाला ओळीओळीने पडताळता येते.

सूचीत शब्द सापडला नाही, की तो ग्रंथातच नाही असा समज सहज होतो, आणि अशा समजुतीवर धम्माविषयी चुकीची विधाने उभी राहतात. विहारांतील अभ्यासमंडळांनी एकेक वग्ग वाटून घेऊन सूची मूळ ग्रंथाशी ताडून पाहावी व आढळलेले दोष वरील पद्धतीने कळवावेत, असे आम्ही सुचवितो.