गाणे तिकडे, पोट इकडे

दसरा उलटला की हिमायत बागेत सकाळी फिरणाऱ्यांनी जरा झुडपांकडे लक्ष ठेवावे. दिल्ली दरवाजाजवळच्या या मोगलकालीन बागेत आणि शेजारच्या सलीम अली सरोवराच्या काठी तोवर दूरदेशीचे पाहुणे उतरलेले असतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा आपला जिल्हा त्याच संस्थानात होता.

थिरथिरा ओळखायला सोपा. चिमणीएवढा, नर काळा, पोट आणि शेपटी तांबूस. शेपटी सतत थरथरते. वटवट्या मात्र डोळ्यांआधी कानांना सापडतो. जेमतेम १० ग्रॅमचा जीव! निघण्यापूर्वी अंगात चरबी साठवतो, प्रवास बहुधा रात्री करतो आणि तारे व पृथ्वीचे चुंबकत्व यांवरून दिशा धरतो.

थंडी सोसत नाही म्हणून ते येतात, असे आपण समजतो. खरा प्रश्न पोटाचा. तिकडे हिवाळ्यात किडे मिळेनासे होतात.

शास्त्र यांना गाणारे पक्षी म्हणते; आपल्याला मात्र ऐकू येते ते नुसते ‘टिक् टिक्’, ‘चक् चक्’. गाणे मुख्यतः जोडीदारासाठी आणि घरट्याची हद्द सांगण्यासाठी. ते विणीच्या मुलखात. परतीच्या दिवसांत एखादा वटवट्या इथेच गळा मोकळा करतो, तेवढाच आपला वाटा. मराठवाड्याला हे नवे नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची ऊसतोड माणसे कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्याही जत्रा, लग्ने, गाणी गावाकडेच असतात. पक्षी येतात, तेव्हा ही माणसे जातात.

भोरडीवर शेतकऱ्याचा राग असतो. हुरड्यावर तिचे थवे पडतात, हे खरेच. पण हीच भोरडी टोळही फस्त करते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तिने घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगड-विटांचे आडोसे उभारले आहेत. एकाच पक्ष्याला एक मुलूख हाकलतो, दुसरा बोलावतो.

आपल्याकडून या पाहुण्यांना फार काही नको. पालापाचोळा जाळू नये, झुडपे मुळापासून छाटू नयेत, ऊठसूट कीटकनाशक फवारू नये. आपण ज्याला बागेतला कचरा म्हणतो, त्यातच त्यांचे किडे असतात. परतीच्या वाटेची शिदोरी त्यांना इथेच बांधायची असते.