दोन गृहमंत्री, एक कलम

नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर, दोघेही देशाचे गृहमंत्री झाले आणि त्या पदावर असताना दोघेही राज्यसभेत होते, या गोष्टीचे मला कित्येक वर्षे कुतूहल आहे. आपल्याकडे शंकररावांचा विषय निघाला की गाडी जायकवाडी आणि विष्णुपुरीवर थांबते. चाकूरकरांचा निघाला की २००४ च्या पराभवावर. पण राष्ट्रपती राजवटीचे दोन गाजलेले निकाल या दोघांच्या कारकिर्दीत लागले, याची चर्चा मराठवाड्यात मी फारशी ऐकलेली नाही.

राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ वाचकांना माहीत आहेच. राजवटीच्या उद्घोषणेला दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते. लोकसभेत सरकारचे बहुमत असतेच, त्यामुळे खरी परीक्षा राज्यसभेत. ते राज्यांचे सभागृह. राज्य सरकार घालवायचे तर त्याने कान टवकारायला हवेत. पण तिथेही सत्तापक्षाची जुळवाजुळव झाली की ठराव सुखरूप पार पडतात.

शंकरराव १९९१ च्या जूनमध्ये गृहमंत्री झाले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला मेघालयात राजवट आली. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर, १५ डिसेंबर १९९२ रोजी मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेश ही तीन भाजप सरकारे बरखास्त झाली. बोम्मई यांचे कर्नाटकातले सरकार त्याआधीच, एप्रिल १९८९ मध्ये गेले होते. ही सगळी प्रकरणे, नागालँडच्या प्रकरणासह, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे एकत्र आली आणि ११ मार्च १९९४ ला निकाल लागला. डिसेंबरच्या तीन बरखास्त्या टिकल्या. मेघालय, नागालँड आणि कर्नाटकातल्या राजवटी घटनाबाह्य ठरल्या.

या निकालातला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. सावंत आपले मराठी न्यायमूर्ती; न्यायमूर्ती कुलदीप सिंग त्यांच्याशी सहमत होते. दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळाली म्हणून न्यायालयाचे दार बंद होत नाही, असे त्यांनी लिहिले. त्याहून मोलाचे पुढे आहे. संसदेची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करायची नाही, फार तर निलंबित ठेवायची. मंजुरी नाकारली गेली तर ती विधानसभा पुन्हा उभी राहते. न्यायालयाने इथे आपला अधिकार तर वाढवलाच, शिवाय राज्यसभेच्या हातातही बळ दिले. तोवर राज्यसभेने नकार दिला असता तरी विधानसभा आधीच विसर्जित झालेली असायची.

या बळाचा उपयोग पाच वर्षांतच झाला. १२ फेब्रुवारी १९९९ ला वाजपेयी सरकारने बिहारमध्ये राजवट लावली. लोकसभेने मंजुरी दिली, पण राज्यसभेत बहुमत नव्हते. ८ मार्चला सरकारने उद्घोषणा मागे घेतली, आणि विधानसभा निलंबितच असल्याने राबडीदेवी पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. शंकरराव तेव्हा विरोधी बाकांवर राज्यसभेतच होते. राज्यसभेचे इतके लखलखीत काम मला दुसरे आठवत नाही. तरी ते काम आकड्यांनी केले, हेही खरे.

२००५ मध्ये आकडे उलटे होते. फेब्रुवारीच्या निवडणुकीत बिहारमध्ये कुणालाच बहुमत मिळाले नाही, ७ मार्चला राजवट लागली आणि त्याच महिन्यात संसदेने ती मंजूरही केली. मग २२ मेची रात्र आली. राज्यपाल बुटासिंग यांचा अहवाल आला: आमदार फोडले जात आहेत, विधानसभा विसर्जित करा. (कर्नाटक आणि नागालँडच्या त्या घटनाबाह्य उद्घोषणा निघाल्या तेव्हा हेच बुटासिंग गृहमंत्री होते!) रात्री अकराच्या सुमारास मंत्रिमंडळ बसले. राष्ट्रपती कलाम मॉस्कोत होते; फॅक्सवरून त्यांची संमती घेतली गेली आणि २३ मे रोजी अधिसूचना निघाली. जिची एकही बैठक झाली नव्हती ती विधानसभा संपली. पंतप्रधान मनमोहन सिंग राज्यसभेचे, गृहमंत्री चाकूरकर राज्यसभेचे. पण राज्यसभेला विचारायची गरजच उरली नव्हती, कारण मंजुरी मार्चमध्येच मिळालेली होती.

७ ऑक्टोबरला न्यायालयाने विसर्जन घटनाबाह्य ठरवले, पण निवडणूक प्रक्रिया इतकी पुढे गेली होती की विधानसभा परत मिळाली नाही. २४ जानेवारी २००६ चा सविस्तर निकाल तीन विरुद्ध दोन असा होता. राज्यपालांचा अहवाल न तपासता मंत्रिमंडळाने घाईने स्वीकारला, हा बहुमताचा ठपका आपल्या लातूरच्या गृहमंत्र्यांच्या खात्यावरही येतो, आणि तो योग्यच आहे. राजीनाम्याचे पत्र आपण लिहून ठेवले होते, असे कलामांनी पुढे आपल्या पुस्तकात सांगितले.

माझे मत आता पक्के आहे. कारणे तपासावीत ती न्यायालयानेच. पक्षादेशाखाली वावरणाऱ्या सभागृहाकडून ती अपेक्षा धरू नये. पण न्यायालय पोचेपर्यंत विधानसभा गेलेली असते, आणि वेळेवर हात धरणे राज्यसभेलाच शक्य आहे. म्हणून राजवटीची मंजुरी आणि विसर्जनाची मंजुरी हे दोन वेगळे ठराव असायला हवेत. मार्चमधल्या मंजुरीवर मे महिन्यात कुठलीही विधानसभा विसर्जित करता येऊ नये. महाराष्ट्रातून राज्यसभेवर एकोणीस सदस्य जातात. त्यांतल्या एकाने तरी ही घटनादुरुस्ती खासगी विधेयक म्हणून मांडावी.